विश्लेषण : टर्बो गाडीतील ‘वेस्टगेट’ नेमके काय करते? ‘रीमॅप’चा मोह महागात का पडू शकतो?

पावसाळ्यात उजनी धरण भरत आले, की सोलापूरकरांच्या मोबाइलवर एक बातमी हमखास येते : दरवाजे उघडले, भीमेत विसर्ग सुरू. ‘एवढे पाणी वाया गेले’ अशी हळहळ व्यक्त होते; पण धरण सुरक्षित राहते ते वेळेवर उघडणाऱ्या दरवाजांमुळेच. टर्बो इंजिनाच्या गाडीतही असाच एक दरवाजा असतो. त्याला ‘वेस्टगेट’ म्हणतात. पिकअप वाढवण्याच्या नादात अनेक जण याच दरवाजाच्या मर्यादेशी खेळ करत आहेत.

टर्बो कसा चालतो?

इंजिनातून बाहेर पडणारा वायू प्रचंड गरम असतो. पेट्रोल गाडीत त्याचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या पुढेही जाऊ शकते. हा वायू टर्बोमधील टर्बाइन हे छोटे चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले कॉम्प्रेसरचे चाक बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाची ताकद देते. हवेच्या या वाढीव दाबाला ‘बूस्ट’ म्हणतात. स्वीस अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट मिळवण्यासाठी पाऊल उचलले होते.

मग वेस्टगेट कशाला?

अडचण अशी, की बूस्ट वाढला की धूर वाढतो, धूर वाढला की टर्बाइन आणखी जोरात फिरते आणि बूस्ट आणखी वाढतो. छोट्या टर्बोचा वेग मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातो. हे चक्र कुठे तरी थांबवावेच लागते.

वेस्टगेट ही टर्बाइनच्या अलीकडे बसवलेली एक झडप. तिची दांडी एका गोल डबीला जोडलेली असते. डबीत रबरी पडदा आणि स्प्रिंग असते. कॉम्प्रेसरकडील दाब बारीक नळीने या पडद्यावर येतो. दाब स्प्रिंगच्या ताकदीपेक्षा वाढला, की दांडी सरकते, झडप उघडते आणि थोडा धूर टर्बाइनला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातो. दाब उतरला, की झडप मिटते. आता बहुतेक गाड्यांत किती दाब ठेवायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक ठरवतो. काही गाड्यांत तर झडप हलवायला छोटी मोटर असते. फोक्सवॅगन-स्कोडाचे १.० टीएसआय हे त्याचे उदाहरण. कुशाक, टायगुनमध्ये या इंजिनाचा १७८ एनएम टॉर्क १,७५० ते ४,५०० आरपीएमपर्यंत जवळपास सपाट राहतो. हा सपाटपणा बूस्टवरील नियंत्रणाचीच कमाई आहे.

‘रीमॅप’मध्ये काय होते?

ईसीयूमधील आकडे बदलून बूस्टची मर्यादा वर नेली जाते. इंधन आणि स्पार्कची वेळही बदलते. अर्ध्या-पाऊण तासात गाडी खरोखरच जोरात पळू लागते. ‘कंपनीने ताकद दाबून ठेवली होती, आम्ही मोकळी केली,’ असा दावा केला जातो.

तो अर्धाच खरा आहे. कंपनी थोडी सूट राखून ठेवते हे बरोबर. पण ती कंजूषपणा म्हणून नव्हे. ती एप्रिल-मेमधल्या ४० अंशांच्या पुढच्या सोलापुरी उन्हासाठी, भेसळीच्या पेट्रोलसाठी, पाच माणसे आणि सामान घेऊन घाट चढण्यासाठी आणि जुन्या होत जाणाऱ्या इंजिनासाठी असते. गरम हवा दाबली की आणखी तापते आणि पेट्रोल वेळेआधी पेटण्याचा, म्हणजे ‘नॉकिंग’चा धोका वाढतो. त्याचा मार पिस्टनवर बसतो.

कंपनीला ताकद वाढवायची असते तेव्हा ती काय करते, हे रांजणगावच्या फियाट-टाटा कारखान्यातील १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाने दाखवले. ७५ पीएसच्या इंजिनात साधा टर्बो होता. तेच इंजिन ९० पीएसचे करताना कंपनीने टर्बोच बदलला. पाती हलवून धुराचा झोत कमी-जास्त करणारा, वेस्टगेटची गरज नसलेला व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो दिला. केवळ १५ पीएससाठी एवढे काम. रीमॅपमध्ये भाग तेच राहतात, फक्त आकडे बदलतात.

कायदा काय सांगतो?

नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण कर्कश सायलेन्सर चौकात ऐकू येतो. ईसीयूतील बदल दिसत नाही. वॉरंटी नाकारली गेली, तर भुर्दंड मालकालाच. त्याहून मोठा अन्याय जुनी गाडी घेणाऱ्यावर होतो. आधीच्या मालकाने दोन वर्षे वाढीव बूस्टवर पिळलेले इंजिन त्याच्या गळ्यात पडते, तेही काही न सांगता. रीमॅपची नोंद बिलावर आणि विक्रीच्या कागदावर सक्तीची करायला हवी.

मालकांनी काय पाहावे?

पिकअप अचानक पडला, तर झडप उघडी अडकलेली किंवा नळी फाटलेली असू शकते. जोर देताच इंजिन लाइट लागून ताकद तुटली, तर झडप न उघडल्याने बूस्ट मर्यादेबाहेर गेल्याची शक्यता असते. टर्बोच्या बाजूने पत्रा वाजल्यासारखा आवाज आला, तर झडपेचा सांधा तपासून घ्यावा. अशा वेळी दांडी पिळून ‘जुगाड’ करू देऊ नये. ऑइल वेळेवर बदलावे आणि महामार्गावरून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ चालू ठेवावे.

जुनी टर्बो गाडी घेताना मीटरवरील किलोमीटर सगळेच पाहतात. यापुढे आणखी एक प्रश्न विचारायला हवा : ‘गाडी रीमॅप केली होती का?’ आणि उत्तर लेखी घ्यायला हवे.