हसा आणि मराठी शिका

मराठी केवळ गुणांसाठी शिकू नका. भाषा आपली झाली की नाही, हे विनोदावरून कळते, असे मला वाटते.

उर्दूत पतरस बुखारी यांचा 'कुत्ते' हा लेख वाचून आपण हसतो. आता पु. ल. देशपांडे यांचा 'पाळीव प्राणी' हा लेखही वाचा. दोघांनीही कुत्र्याच्या निमित्ताने माणसाचीच गंमत केली आहे.

१९९१ साली 'सकाळ' दैनिकात सुरू झालेली 'चिंटू' ही चित्रमालिका पाहा. चित्रांवरून अर्धी गंमत कळते. उरलेली शब्दांत असते.

मारुंजीच्या बसमध्ये कोणी मराठीत विनोद सांगितला आणि त्याचा अर्थ विचारावा लागला, तर हसू विरून जाते. सगळ्यांबरोबर तुम्हीही हसलात, तर मैत्री जुळते.