कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे

दुपारी शाळा सुटल्यावर बारामती-इंदापूर रस्त्यावर लासुर्ण्याच्या किंवा शेळगावच्या फाट्यावर दहा मिनिटं उभं राहावं. पिवळी बस येते, साइडपट्टीला थांबते. आधी मुलांच्या सोबतीला असलेली मावशी उतरते. मागे बघते, बसच्या पुढे येऊन हात आडवा धरते, आणि दप्तराखाली वाकलेली दोन-तीन पोरं त्या हाताच्या आडोशाने रस्ता ओलांडायला निघतात. तेवढ्यात बसच्या उजव्या अंगाने एखादी मोटारसायकल कट मारून जाते, तिच्यामागे टेम्पो. बसआडून निघालेलं पोर त्याला दिसत नाही, पोराला तो दिसत नाही. मावशीचा हात हाच त्या जागचा सिग्नल. तो मोडला म्हणून कुणाची पावती फाटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

शाळेच्या बसवर कॅमेरा असावा का, या वादात मी मुद्दाम या हातापासून सुरुवात करतो आहे. वाद घालणारे बहुतेक जण बसच्या आत बसून बोलतात. त्यांचा तरी काय दोष? आपले नियमही आतच बसले आहेत. नोव्हेंबर 1997 मध्ये दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात निर्देश दिले: खिडक्यांना आडव्या पट्ट्या, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवण्याचं यंत्र, दाराला भरवशाची कडी, सोबत शाळेचा माणूस, चालकाला अवजड वाहनाचा पाच वर्षांचा अनुभव. महाराष्ट्राचे शालेय बसचे नियम 2011 मध्ये आले, त्यांचाही रोख बसवर, चालकावर आणि शाळेवर. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना घडली, तेव्हापासून शाळेत सीसीटीव्ही आणि बसमध्येही सीसीटीव्ही. हे सगळं हवंच होतं. पण चालक कसा आहे, मावशी आहे का, मुलं नीट बसली का, एवढं बघून आपली नजर थकते. बसच्या शेजारून ऐंशीच्या वेगाने जाणारा या पंचवीसहून अधिक वर्षांत कुणाच्याच नजरेत आला नाही.

आता विरोधकांचं ऐकू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप वसुलीचा. बारामतीत तीन हत्ती चौकाच्या आसपास चहा घेताना इ-चलानचा विषय काढून पाहा, कप खाली ठेवून लोक बोलायला लागतात. ‘कॅमेरा म्हणजे सरकारची दुभती म्हैस’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते कुणाचं म्हणून सांगावं कळत नाही. हा राग खोटा नाही. जुलै 2025 च्या सुरुवातीला राज्यातल्या वाहतूकदारांनी इ-चलानच्या विरोधात आंदोलन पुकारलं, तेव्हा शालेय बसमालकांच्या संघटनेनेही बेमुदत बंदची हाक दिली होती. त्यांचं म्हणणं असं, की शाळेच्या दारात मुलं घ्यायला-सोडायला बस उभी केली की तिचाच फोटो निघतो आणि नो-पार्किंगचं चलन घरी येतं. पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून चलनं करू नयेत, असा आदेश त्याच महिन्यात वाहतूक विभागाला काढावा लागला. धूर होता, म्हणजे काहीतरी जळत होतंच.

पण या रागातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. मुलं उतरवण्यासाठी थांबलेल्या बसला दंड होतो आणि तिला घासून जाणारा सुटतो, याचा अर्थ कॅमेरा चुकीच्या बाजूला उभा आहे. त्याला बसवर चढवा आणि तोंड रस्त्याकडे करा. मग तोच कॅमेरा बसमालकाचा साक्षीदार होईल: बघा साहेब, बस का थांबली होती, दार उघडं होतं, मावशी खाली होती, पोरं रस्त्यात होती. ज्या संघटनेने चलनांविरुद्ध बंद पुकारला, तिनेच खरं तर ही मागणी लावून धरायला हवी.

वसुलीचं म्हणाल, तर अमेरिकेकडे बघावं. आरंभशूर उत्साहाने नव्हे, त्यांच्या ठेचा मोजण्यासाठी. तिथे पिवळी बस थांबली, लाल दिवे लुकलुकले आणि बाजूचा ‘स्टॉप’चा हात बाहेर आला की मागच्याने थांबायचं, दुभाजक नसेल तर समोरच्यानेही. सगळ्या राज्यांत हा कायदा आहे, तरी तिथल्या शालेय वाहतूक संचालकांच्या संघटनेच्या अंदाजाने वर्षाला चार कोटींच्या आसपास वेळा तो मोडला जातो. म्हणून बसच्या अंगावर कॅमेरे आले. न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये परवानगी दिली, दंड अडीचशे डॉलरपासून. अनेक ठिकाणी खासगी कंपनीने कॅमेरे फुकट बसवले आणि दंडातला वाटा घेतला. तिथेच माशी शिंकली. फ्लोरिडातल्या मायामी-डेडमध्ये दुभाजकाच्या पलीकडून जाणाऱ्यांना, म्हणजे ज्यांनी थांबायची गरजच नव्हती त्यांनाही, नोटिसा गेल्या. 2025 मध्ये शेरीफने योजना बंद ठेवली. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली अपिलात एक दंड रद्द झाला, कारण बस मुलं घेण्या-उतरवण्यासाठीच थांबली होती हे पुराव्यातून सिद्ध होत नव्हतं.

यावरून ‘तिकडेही फसलं, आपण कशाला’ असं म्हणणारे भेटतात. फसला तो ठेका. दंडाच्या टक्केवारीवर पोट भरणाऱ्याच्या हातात कॅमेरा दिला की त्याला जास्त चुका व्हाव्याशा वाटणारच. आपल्याकडे टक्केवारी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कंपनीला ठरावीक भाडं द्या, चलन एक असो की हजार. आणि चित्रात नुसती नंबरप्लेट नको. उघडं दार, बाहेर आलेला ‘स्टॉप’चा फलक आणि उतरणारी मुलं दिसली तरच नोटीस निघावी. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने घेतलेली शंका आपण आधीच मिटवून टाकू.

खासगीपणाचा आक्षेप मी झटकत नाही. वैयक्तिक डेटाचा 2023 चा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो, आणि बसमधल्या आतल्या कॅमेऱ्याचं चित्रण कुणाच्या मोबाइलवर जातं, किती दिवस राहतं, हा प्रश्न पालकांनी शाळेला विचारलाच पाहिजे. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसऱ्याच्या पोराची फजिती फिरते, ती इथूनच. पण हा आक्षेप घेणारी मंडळी आतल्या कॅमेऱ्याला मुकाट्याने मान्यता देतात आणि बाहेरच्या कॅमेऱ्यावर मात्र घटनेची कलमं काढतात, तेव्हा मला हसू येतं. सार्वजनिक रस्त्यावरच्या नंबरप्लेटला कसला आलाय खासगीपणा? उतरणाऱ्या मुलांचे चेहरे पुसट करून ठेवता येतात, तेवढं बंधन घाला.

‘त्यापेक्षा गतिरोधक टाका.’ राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक नकोत हे केंद्राचं धोरण आहे, आणि बारामती-इंदापूर रस्ता आता महामार्ग आहे. गावकरी रात्रीतून मुरूम टाकून उंचवटा करतात, तो पहिल्या पावसात जातो किंवा एखाद्या दुचाकीवाल्याला घेऊन जातो. पुढे.

राहिला तो आक्षेप, ज्याची मला सर्वांत चीड येते: ‘आपली माणसं थांबणारी नाहीत हो.’ हे कुठे म्हटलं जातं? तर त्या रस्त्यावर, ज्याचं नावच संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आहे. पाटसहून बारामती, काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर असा जाणारा हा रस्ता चौपदरी करण्याची पायाभरणी नोव्हेंबर 2021 मध्ये झाली. दर वर्षी तुकोबांची पालखी इथून जाते. काटेवाडीत मेंढ्या पालखीभोवती रिंगण घालतात, बेलवाडीत गोल रिंगण होतं. त्या दिवशी कुठलाही ट्रकवाला हॉर्न वाजवत मेंढ्यांच्या कळपात शिरत नाही. वळण घेतो, तासभर खोळंबतो, खाली उतरून हातही जोडतो. मेंढ्यांसाठी थांबलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. आपली माणसं थांबणारी नाहीत, हे मला कुणी सांगू नये. त्या दिवशी थांबायचं असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ती थांबतात. पिवळ्या बसमागे थांबायचं असतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नाही.

आणि इथे मला कॅमेऱ्याच्या भक्तांशी भांडायचं आहे. नियम नसताना लावलेला कॅमेरा टिपणार काय? वाहन चालवण्याच्या 2017 च्या विनियमांत मुलं, वृद्ध, पादचारी यांची विशेष काळजी घ्या असं आहे. छान आहे. पण ‘विशेष काळजी’ किती फुटांची, किती सेकंदांची? फार तर धोकादायक वाहन चालवण्याचं 184 वं कलम लावा आणि कोर्टात ‘धोकादायक’ म्हणजे काय यावर तारखा घ्या. बसचा फलक बाहेर आला की थांबा, एवढं साधं, मोजता येणारं वाक्य आपल्या रस्त्याला द्यायला हवं, आणि ते वाक्य मोडलं तर किती रुपये, हेही. दुभाजक असेल तिथे फक्त बसच्या बाजूच्यांनी थांबावं, नसेल तिथे दोन्हीकडच्यांनी. मायामीची चूक पालखी मार्गावर परत करायची नसेल तर हा फरक कागदावर आधी उतरला पाहिजे.

यंत्रणेसाठी नवा कायदा शोधायची गरज नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये 136-अ हे कलम आलं, आणि ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय नियमांत 167-अ. इलेक्ट्रॉनिक देखरेखीच्या साधनांच्या व्याख्येत डॅशबोर्ड कॅमेराही आहे. साधन प्रमाणित हवं, दरवर्षी त्याची तपासणी हवी, छायाचित्र, वेळ आणि ठिकाण यांसह नोटीस पंधरा दिवसांत निघायला हवी, देखरेख आहे अशी पाटी लोकांना आधी दिसायला हवी. म्हणजे वसुलीला घाबरणाऱ्यांची अर्धी कैफियत नियमातच मान्य झालेली आहे. ती पाळली जाते का, हे मात्र त्यांनीच बघायचं.

भक्तांचं दुसरं अज्ञान जास्त खुपतं. त्यांच्या डोळ्यांसमोर शाळेची बस म्हणजे पिवळी, बारामतीच्या पेन्सिल चौकाच्या बाजूने जाणारी, काचा पुसलेली. इंदापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरची पोरं लाल एसटीने हायस्कुलाला जातात. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, त्या पासाने कित्येक घरांतली पहिली दहावी झालेली मुलगी घडवली. ती मुलगी संध्याकाळी फाट्यावर उतरते तेव्हा तिच्यासाठी हात आडवा धरायला मावशीही नसते. कंडक्टर डबल बेल देतो, गाडी निघते, आणि ती धुरळ्यात उभी राहून दोन्हीकडे बघते. म्हणून नियम करायचा तर गाडीच्या रंगावर करू नका. शाळेच्या वेळेत मुलं उतरवणारी एसटीही त्यात धरा. कॅमेरे आधी बारामती आणि इंदापूर आगाराच्या अशा फेऱ्यांना लावा. ज्यांना मावशी परवडते त्यांच्या बसला नंतर.

आणि कॅमेऱ्याला वाचायला नंबरप्लेट तरी दिसायला हवी. हंगामात याच रस्त्यावरून उसाच्या डबल ट्रॉल्या जातात. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना परावर्तक, नंबरप्लेट उसाच्या वाढ्यांखाली. मोटारसायकलवरच्या 8055 चा ‘बॉस’ झालेला असतो. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना नव्या सुरक्षित प्लेटा बसवायची मुदत वाढत वाढत गेली, ती याच राज्यात. प्लेटच वाचता आली नाही तर बसवरचा कॅमेरा नुसती ऊस वाहतुकीची चित्रफीत काढेल. कारखान्यांनी गेटवर वजन करण्याआधी ट्रॉलीची पाटी आणि परावर्तक बघावा, नसेल तर ट्रॉली रांगेबाहेर. काट्यावर किलोकिलोचा हिशेब ठेवणाऱ्यांना हे जमणार नाही असं मी मानत नाही.

जुलै 2025 मध्ये बारामतीच्या खंडोबानगरात डंपरखाली एक बाप आणि त्याच्या दोन लहान लेकी गेल्या. ती शाळेची बस नव्हती, तिथे बसवरच्या कॅमेऱ्याने काही वाचलं असतं असा दावा मी करणार नाही. दुसऱ्याच्या दुःखावर आपला मुद्दा टांगू नये. पण त्यानंतरचे काही दिवस या शहरात लोक वाहतुकीवर खरोखर बोलत होते, आणि महिन्याभरात पुन्हा चलनांच्या विनोदांवर आले, हे मी पाहिलं आहे.

2011 च्या नियमांनी प्रत्येक शाळेला परिवहन समिती दिली आहे. अध्यक्ष मुख्याध्यापक, सोबत पालक, पोलीस, परिवहन खात्याचा निरीक्षक. बऱ्याच ठिकाणी ती जूनमध्ये एकदा सह्यांपुरती बसते. या जूनमध्ये तिने एकच ठराव करावा: आमच्या मार्गावरचे कुठले तीन फाटे सर्वांत वाईट, आणि तिथे आठवडाभर बस थांबल्यावर किती गाड्या न थांबता गेल्या, याची नोंद वहीत. मोजायला कॅमेरा लागत नाही. मावशीला विचारा; ती आकडा तोंडपाठ सांगेल.