तापणाऱ्या जॅकेटआधी साधा वेटसूट

पैनगंगेच्या डोहात कुणी बुडाले की ढाणकी-उमरखेड पट्ट्यात पहिला निरोप जातो तो भोई वस्तीत. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूरला आणि धुळ्याला. त्या पोहोचेपर्यंत गावचे पट्टीचे पोहणारे चड्डी-बनियनवर पाण्यात उतरलेले असतात. पावसाळ्यात पुराची धास्ती सगळ्यांनाच असते. हिवाळ्यात पाणी संथ, म्हणून काळजी कमी, असे आपण धरून चालतो. पण शोध लांबला की या माणसांच्या जिवावर बेतू शकते ती थंडीच.

हल्ली बॅटरीवर तापणारी जॅकेटे मिळतात, पाणबुड्यांसाठी खास बंडीही मिळते. गोताखोरांना तीच घेऊन द्यावी, असे कुणालाही वाटेल. हेतू चांगला आहे, पण सुरुवात तिथून करणे चूक ठरेल.

पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेते. उघड्या अंगाने पाण्यात स्वस्थ बसलेल्या माणसाचे तापमान टिकायला पाणी ३३ ते ३५ अंशांचे लागते. पोहण्याच्या शर्यतींच्या तलावातही ते २५ ते २८ अंश ठेवतात, आणि तिथे माणूस सतत हातपाय मारत असतो. तेव्हा थंडीने मरायला बर्फाचे पाणी लागत नाही. गार पाण्यात शिरताच पहिल्या मिनिटात श्वासाला धाप लागते आणि दम कोंडून धरण्याची ताकद घटते. सिलिंडरशिवाय बुडी मारणाऱ्याला हेच सर्वांत महाग पडते. पुढे बोटे बधिर होतात. डोहात जुन्या जाळ्यात पाय अडकला आणि कमरेचा चाकू बोटांना धरवेना, तर पोहण्याचे कौशल्य काय कामाचे? शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली जाणे ही त्यानंतरची पायरी.

तापणारी बंडी खरी उपयोगी पडते ती ड्रायसूटच्या आत, जिथे अंग कोरडे राहते. ड्रायसूट महाग, आणि तो वापरायला रीतसर प्रशिक्षण लागते. साध्या सूटमध्ये पाणी आत-बाहेर होत राहिले तर बॅटरीची ऊब नदीलाच जाते. बधिर कातडीला चटका कळत नाही, ही आणखी एक अडचण. बॅटरी मधेच संपली तरी सुखरूप वर येता यावे इतके कपडे अंगावर असलेच पाहिजेत. सिलिंडर लावून खोल जाणाऱ्यांसाठी अमेरिकी नौदलाच्या प्रयोगातून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली : तळाशी अंग गरम ठेवले आणि वर येताना गार पडू दिले, तर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराचा धोका वाढतो. म्हणजे ऊबही कधी हवी, याचा हिशेब आहे.

निओप्रीनचा साधा वेटसूट मात्र काही हजार रुपयांत येतो. त्याच्या रबरात बारीक हवेचे बुडबुडे असतात. ते ऊब अडवतात. तो अंगाला घट्ट बसला पाहिजे. तारकर्लीला पर्यटकांना अर्ध्या तासाच्या हौसेसाठी जो सूट मिळतो, तो प्रेत शोधायला दिवसभर बुड्या मारणाऱ्याला का नसावा? जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या यादीत दोर, बोट, लाइफ जॅकेट असते. त्यात मापाचे चार-सहा वेटसूट, टोप्या आणि हातमोजे घालायला फार मोठी तरतूद लागणार नाही. उरल्या पैशांत तापणारी जॅकेटे जरूर घ्यावीत, पण दोन बुड्यांच्या मधे काठावर, अंग पुसून घालायला.

सध्या काठावर ऊब देतात ती दोन साधने म्हणजे अंगाला चोळलेले तेल आणि घोटभर दारू. तेलाने फारसे काही होत नाही. दारूने होते ते उलटेच. कातडीकडे रक्त धावते म्हणून गरम वाटते, प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर पडते, अंगाचे कापणेही कमी होते. आणि कापणे हीच तर शरीराची शेगडी. गारठलेल्याचे हातपाय चोळू नयेत, त्याला पळवू नये. ओले कपडे काढून, आडवे करून घोंगडीत गुंडाळावे; नीट शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्यावा. बोलणे जड झाले किंवा कापणे थांबून तो सुस्तावला, तर थेट दवाखाना.

एवढ्यासाठी काठावर घड्याळ घेतलेला एक माणूस हवा, ज्याचे काम फक्त पाण्यातल्यांकडे पाहणे. वर आलेल्याला त्याने शर्टाची गुंडी लावायला सांगावी. ती लागत नसेल, तर त्या दिवशी त्याची पुढची बुडी नाही, मग काठावर नातेवाईक कितीही हंबरडा फोडत असोत आणि साहेब कितीही घाई करोत.