दाताच्या लॅबमधली धूळ : नुसता मास्क देऊन भागणार नाही

आपल्या वस्तीतली मुले-मुली दाताच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागतात, कोणी लॅबमध्ये कॅप आणि कवळ्या घडवायला जातात. काम स्वच्छ दिसते, म्हणून घरचेही निश्चिंत असतात. पण लॅबच्या टेबलावरची ती पांढरी धूळ साधी नाही, हे घराघरांत कळले पाहिजे.

धातूची कॅप ओतण्यासाठी जो साचा करतात, त्याच्या पावडरीत सिलिका असते. साचा फोडताना, वाळूच्या झोताने कॅप साफ करताना तिचे बारीक कण हवेत उडतात. डोळ्यांना न दिसणारे हे कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात. त्यातून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 साली ही धूळ माणसाला कर्करोग करणारी ठरवली. कॅपच्या काही मिश्रधातूंत बेरिलियम असते. त्याचे नाव तर 1993 सालीच त्या यादीत गेले. अमेरिकेत 1994 ते 2000 या काळात पाच राज्यांतल्या 9 डेंटल टेक्निशियनना सिलिकोसिस झाल्याची सरकारी नोंद आहे.

आमचे म्हणणे असे की, कामगाराच्या हाती साधा मास्क देऊन मालकाची जबाबदारी संपत नाही. तो मास्क ही बारीक धूळ अडवत नाही. धूळ उडते तिथेच ती ओढून घेणारे यंत्र प्रत्येक टेबलाला हवे. वाळूचा झोत बंद पेटीतच मारावा आणि सिलिका वाळूऐवजी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड वापरावे. साचा ओला करून फोडावा. धातू बेरिलियम नसलेलाच घ्यावा. एवढे केल्यावर वर एन-95 मास्क. हा सगळा खर्च मालकाचा आहे, मुलाच्या पगारातला नव्हे.

छोटे लॅबवाले म्हणतील, परवडत नाही. मग त्यांच्याकडून स्वस्तात कॅप करून घेणाऱ्या दंतवैद्यांनीही विचार करावा. त्या स्वस्ताईची किंमत कोणाचे तरी फुप्फुस मोजते.

घरच्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. कामाचे कपडे लॅबमध्येच बदलायला सांगा. खोकला, दम लागणे सुरू झाले की नुसते ‘टीबी असेल’ म्हणून थांबू नका. सिलिकोसिसमुळे टीबीचाही धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांना आपण काय काम करतो, किती वर्षे करतो, हे आवर्जून सांगा. नियुक्तिपत्र, पगाराची पावती जपून ठेवा. नुकसानभरपाईच्या कायद्यात सिलिकोसिस हा कामामुळे होणारा रोग मानला आहे, पण कामाचा पुरावा नसेल तर तो हक्क मिळवणे कठीण जाते.

एकट्या मुलाने यंत्र मागितले तर त्याची नोकरी जाण्याची भीती असते. म्हणून वस्तीतल्या लॅब कामगारांनी विहारात एकत्र बसावे आणि मागणी सर्वांच्या सहीने द्यावी.