गुडघ्यातली चुंबळ

मुलांनो, गोल बुडाची भरलेली घागर जमिनीवर डुगडुगू नये म्हणून आजी तिच्याखाली काय ठेवायची? चुंबळ! तशीच चुंबळ तुमच्या गुडघ्यातही आहे. एकेका गुडघ्यात दोन-दोन.

मांडीच्या हाडाचं टोक गोल आणि नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. या दोघांमध्ये कूर्चेच्या दोन गाद्या असतात. त्यांना म्हणतात मेनिस्कस. ग्रीक भाषेत याचा अर्थ छोटी चंद्रकोर, आणि आकारही तसाच. त्यांच्यामुळे अंगाचा भार एका जागी न पडता पसरतो.

पण गंमत बघा, एकोणिसाव्या शतकात जॉन ब्लँड-सटन या इंग्रज डॉक्टरांनी या गाद्यांना बिनकामाच्या ठरवलं होतं! मग काय, खेळताना गुडघा पिरगळून गादी फाटली, की टाका काढून. १९४८ साली फेअरबँक नावाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचे एक्स-रे पाहिले. हाडांमधली फट कमी झालेली, हाडाचं टोक चपटं होत चाललेलं. तरीही गादी काढायची पद्धत पुढे कित्येक वर्षं चालूच राहिली. शिकलेल्या माणसांनाही जुनी सवय सुटत नाही, ती अशी.

कोपर खरचटलं तर आठवड्यात भरून येतं. मग गादी का भरत नाही? कारण रक्त फक्त तिच्या बाहेरच्या कडेला पोचतं, आतल्या भागाला नाही. म्हणून आता डॉक्टर जमेल तिथे टाके घालून ती वाचवतात. कबड्डीत गुडघा सुजला किंवा अडकून सरळच होईना, तर घरी लपवू नका. आणि पालकहो, अशा वेळी पाय ओढून-चोळून घेऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

गादी काढावीच लागली, वय लहान आहे आणि गुडघा दुखतोय, असं असेल तर? मग काही जणांना दुसऱ्याची गादी बसवतात. १९८४ साली जर्मनीत हे पहिल्यांदा झालं. मरण पावलेल्या माणसाने दिलेली ही गादी असते. एक्स-रेवरून चपलेसारखं माप जुळवतात, बारीक छिद्रातून दुर्बीण घालून ती आत नेतात आणि टाके घालतात. रक्तगट मात्र सहसा जुळवावा लागत नाही.

नंतर काही आठवडे कुबड्या आणि कित्येक महिने खेळाला सुट्टी. आजीच्या झिजलेल्या गुडघ्याला मात्र याचा उपयोग नाही. तिथे हाडांवरचं गुळगुळीत अस्तरच गेलेलं असतं, नुसती चुंबळ बदलून काय होणार?