वर्गात तीस मुले, छात्राध्यापिका एकटी

हर्सूल असो की सिडको, पहिलीच्या वर्गावर आलेल्या छात्राध्यापिकेकडे पाठाचे टाचण तयार असते. पण एक मूल रडते, दुसरे दाराबाहेर पळते, तिसऱ्याला शू लागते. टाचणात यातले काहीच नसते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना मारणे आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. ती योग्यच. मात्र छडीऐवजी काय, हे अनुभवी बाईंना पाहूनच शिकता येते. आंतरवासिता त्यासाठीच! प्रत्यक्षात छात्राध्यापिका आली, की बाई अनेकदा दुसऱ्या वर्गावर किंवा ऑनलाइन माहिती भरायला जातात. पहिली ते पाचवीत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, असे कायदा सांगतो. शिकाऊ उमेदवार म्हणजे तो शिक्षक नव्हे. सुरुवातीचे काही दिवस तरी बाईंनी मागे बसायला हवे.