‘पुढे जा’ म्हणण्याचा अधिकार

आपल्या घरी कोणते पत्र यावे आणि आपल्या फोनवर कोणाचा आवाज ऐकावा, हे ठरविण्याचा अधिकार गृहस्थाला आहे की नाही, असा प्रश्न विचारण्याची पाळी यावी हेच मुळी आश्चर्य होय. परंतु ती पाळी आली आहे. व्यापारी कंपन्यांच्या अवेळी येणाऱ्या फोनांविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि त्यावर नियमही झाले. धर्माच्या, पंथाच्या व सत्संगाच्या नावाने येणाऱ्या पत्रांविषयी आणि फोनांविषयी मात्र सभ्य माणसे चारचौघांत बोलत नाहीत. एखाद्या उत्सवात एकावन्न रुपयांची पावती फाडावी, तिच्यावर पत्ता व मोबाईलचा क्रमांक लिहून द्यावा, आणि तेथून मासिके, देणगीची आवाहने, अनुष्ठानांची आमंत्रणे व प्रार्थनासभांचे निरोप यांचा ओघ सुरू व्हावा, हा अनुभव कोणत्याही एका धर्मापुरता मर्यादित नाही. ‘नको’ म्हणावे तर देवाधर्माला विरोध केल्यासारखे दिसेल, या संकोचाने लोक गप्प बसतात. त्या संकोचाचाच लाभ घेतला जातो. म्हणून या विषयावर उघड बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वाशीम जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. कारंजा हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान मानले जाते, पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे आणि शिरपूर हे जैनांचे तीर्थ आहे. कारंजा तालुक्यातील कामरगावासारख्या गावी राहणाऱ्या माणसाला धर्माचे वावडे आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. मुले पुण्या-मुंबईस नोकरीला गेलेली, घरी वृद्ध आईवडील आणि त्यांच्या हाती एक मोबाईल, अशी घरे आता गावोगाव आहेत. ज्या फोनवर नातवंडांचा आवाज यावयाचा त्याच फोनवर अनोळखी पण गोड आवाज ‘माताजी’ म्हणून हाक मारतो. घरात नुकतेच कोणी गेले असेल, कोणी आजारी असेल, तर तो आवाज अधिकच आस्थेने चौकशी करतो. वृद्ध माणसाला फोन ठेवून देणे म्हणजे दारी आलेल्याचा अपमान वाटतो. धर्मश्रद्धा आणि शिष्टाचार या दोन्ही चांगल्या गोष्टी येथे त्याच्याच विरुद्ध उभ्या केल्या जातात.

आमच्या परंपरेत दारी येण्याचेही काही नियम होते. पहाटे येणारा वासुदेव, दुपारी येणारा गोसावी, मोजकी घरे घेऊन माघारी जाणारा माधुकरी मागणारा विद्यार्थी, हे सारे उंबरठ्याबाहेर उभे राहत. घरातून ‘पुढे जा’ असा शब्द आला की ते पुढे जात. त्या शब्दाचा कोणी राग मानीत नसे आणि ‘का देत नाही?’ असे विचारीत नसे. मुख्य म्हणजे, कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा परदेशी आहे आणि कोण किती देतो, याची वही त्यांच्या झोळीत नसे. याच विदर्भात गाडगे महाराज हाती झाडू घेऊन गावोगाव हिंडले. दिवसा गाव झाडावा, रात्री कीर्तन करावे आणि पुढच्या गावची वाट धरावी, हा त्यांचा क्रम. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांचे देहावसान झाले, तोपर्यंत त्यांनी कोणाला शिष्य केले नाही. लोकांना धर्म सांगण्यासाठी लोकांची यादी बाळगावी लागत नाही, याला याहून मोठा पुरावा कोणता?

अर्थात् उपद्रवाची परंपराही आपल्याकडे जुनीच आहे. पोस्टकार्ड या देशात १८७९ साली पाव आण्यात मिळू लागले आणि गरिबाच्या निरोपाची सोय झाली. पुढे याच स्वस्त कार्डावर देवदेवतांच्या नावाने साखळीपत्रे फिरू लागली. या पत्राच्या अमुक प्रती काढून अमुक जणांना पाठवा, पाठविणाऱ्यास धनलाभ होईल, फाडून टाकणाऱ्याच्या घरी अरिष्ट येईल, असा त्यांतील मजकूर असे. सुशिक्षित घरांतूनही मुलांना बसवून त्या प्रती उतरवून घेतल्या जात. श्रद्धेपेक्षा भीतीचाच भाग त्यात अधिक होता. पोस्टकार्ड मागे पडले. तोच मजकूर आता व्हॉट्सॲपवर येतो.

दैवी कोपाचा धाक घालून माणसाकडून काही करवून घेणे हे कायद्यालाही पूर्वीपासून ठाऊक आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ होते; १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५४ म्हणून कायम आहे. त्याखाली दिलेले उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. दुसऱ्याच्या दारात धरणे धरून बसावयाचे आणि आपल्या बसण्याने घरधन्यावर देवाचा कोप होईल असे त्याला भासवावयाचे, हा या कलमाखाली अपराध आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही तथाकथित चमत्कारांचा प्रसार करून लोकांना फसविणे व त्यांच्यावर दहशत बसविणे दंडनीय ठरविले आहे. प्रत्येक पत्राला वा फोनला ही कलमे लागतील असे आम्ही म्हणत नाही. ते न्यायालयांनी ठरवावयाचे आहे. परंतु शापाची वा अरिष्टाची भाषा सुरू झाली की प्रश्न निव्वळ गैरसोयीचा राहत नाही, एवढे निश्चित.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. मग पत्र पाठविणे व फोन करणे हा त्या स्वातंत्र्याचाच भाग नव्हे काय? होय, पहिले पत्र आणि पहिला फोन हा त्याचा भाग मानता येईल. नवा विचार सांगणाऱ्याला कोणाच्या तरी दारी प्रथम जावेच लागते, आणि ते दारच बंद केले तर लहान पंथांची गळचेपी होईल. प्रश्न आहे तो ‘नको’ ऐकल्यानंतरच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पन्नासाव्या फोनचा. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे इतरांपुढे मांडणे. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. चेन्नईतील एका चर्चच्या ध्वनिवर्धकाविषयीच्या खटल्यात २००० साली त्याच न्यायालयाने म्हटले की, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. १९७० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही रोवान खटल्यात असाच निर्वाळा दिला : पत्र पाठविणाऱ्याचा हक्क, ते नको असलेल्या माणसाच्या टपालपेटीपाशी संपतो. सांगणाऱ्याला स्वातंत्र्य आहे, तसे न ऐकणाऱ्यालाही आहे.

न्यायालयांची तत्त्वे अशी स्पष्ट असली, तरी व्यवहारात गृहस्थाच्या हाती काय आहे? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नकोशा फोनांसाठी २००७ साली नोंदवही सुरू केली आणि २०१० व २०१८ साली नियम अधिक कडक केले. १९०९ या क्रमांकावर आपली इच्छा नोंदविता येते. पण २०१८ च्या नियमांतील आठ वर्ग पाहावेत : बँक व विमा, जमीनजुमला, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू व मोटारी, दळणवळण व करमणूक, पर्यटन आणि खाद्यपेये. धर्माचा वर्ग त्यात नाही, कारण हे नियमच मुळी व्यापारी संदेशांसाठी आहेत. ताईत वा यंत्र विकणाऱ्याला ते लागू करता येतील. अनुयायी वा देणगीदार शोधणारा त्यातून निसटतो. म्हणजे साबण विकणाऱ्याला जो नियम आहे तो मोक्षाचा मार्ग सांगणाऱ्याला नाही.

दुसरे साधन म्हणजे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा. दिलेली संमती काढून घेण्याचा आणि आपली माहिती पुसून टाकावयास सांगण्याचा हक्क त्यात आहे. परंतु त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य कर्तव्यांच्या अंमलबजावणीला त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. युरोपात या बाबतीत मार्गदर्शक निवाडा झालेला आहे. फिनलंडमधील यहोवाचे साक्षीदार हा पंथ घरोघर फिरून प्रचार करतो व भेटलेल्या लोकांविषयी टिपणे ठेवतो. त्या टिपणांना माहिती संरक्षणाचे नियम लागतात आणि पंथ स्वतःही त्यांना जबाबदार आहे, असे युरोपीय न्यायालयाने १० जुलै २०१८ रोजी ठरविले. त्या खटल्यातील एक तपशील आमच्या संस्थांनी विचारात घ्यावा. ‘आमच्याकडे येऊ नका’ असे सांगणाऱ्यांची एक यादीही त्या पंथाकडे होती. इतका आग्रही पंथ जर नकाराची नोंद ठेवू शकतो, तर आमच्या संस्थांना ते का जमू नये?

कायदा पूर्णपणे मदतीला येईपर्यंत गृहस्थाने काही गोष्टी स्वतः कराव्यात. फोनवर वाद घालू नये. वाद हाही त्यांना संवादच वाटतो. ‘माझे नाव, पत्ता व क्रमांक आपल्या यादीतून काढा आणि पुन्हा संपर्क करू नका’ एवढे एकच वाक्य शांतपणे सांगावे. मग तेच वाक्य तारीख घालून संस्थेच्या विश्वस्तांच्या नावे स्पीड पोस्टने धाडावे आणि प्रत जपून ठेवावी. टपालाचे पाकीट न फोडता ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पोस्टमनकडे परत द्यावे. क्रमांक बंद करण्याची सोय आता प्रत्येक मोबाईलमध्ये आहे. ती घरातील वृद्धांना मुलांनी शिकवावी. पावतीवर क्रमांक लिहिण्यापूर्वी तो कशासाठी हवा, हे विचारावे. धाक घातला गेला तर मात्र फोनची वेळ व क्रमांक टिपून ठेवून पोलिसांकडे जावे.

परंतु सारा भार गृहस्थावर टाकणे न्यायाचे नव्हे. या राज्यातील बहुसंख्य हिंदू, जैन व ख्रिस्ती संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या आहेत, आणि मुसलमान समाजाच्या वक्फ संस्थांसाठी स्वतंत्र मंडळ आहे. नकार कळविणाऱ्याचे नाव ठराविक दिवसांत यादीतून काढावे, ते दुसऱ्या संस्थेस देऊ नये आणि नकारांची वही ठेवावी, असे परिपत्रक धर्मादाय आयुक्तांनी व वक्फ मंडळाने काढावे. दूरसंचार प्राधिकरणाने आठ वर्गांच्या जोडीला धार्मिक व धर्मादाय आवाहनांचा नववा वर्ग करावा. त्याने कोणाचाही प्रचार बंद होणार नाही. ज्याने काहीच नोंदविले नाही त्याच्याकडे जाण्यास सर्वांना मोकळीक राहील. ज्याने नको म्हटले त्याच्यापुरतेच थांबावे लागेल.

धर्मसंस्थांनी याकडे आपला विरोध म्हणून पाहू नये. आज त्यांच्या यादीत अशी किती तरी नावे असतील, की जी श्रद्धेने नव्हे, केवळ भिडेने तेथे राहिली आहेत. भिडेखातर दिलेल्या देणगीने मंदिराचा कळस उंच होईल, पण भक्त वाढणार नाही. उंबरठ्याबाहेर उभे राहून घरच्यांच्या शब्दाची वाट पाहणे हे आमच्या साधूंना कधी कमीपणाचे वाटले नाही. त्यांचे नाव सांगणाऱ्या संस्थांनीही तेवढे थांबावे आणि नकार मिळताच पुढे जावे.